चोवीस कुंड्या, तीन मजले

१२ जानेवारी

बिट्टी आज सकाळच्या गाडीने परत गेली. लेक आहे, पण तिलाही तिचं घर आहे, नोकरी आहे. किती दिवस राहणार? जाताना टेबलावर तीन वस्तू ठेवून गेली. दवाखान्याच्या नंबरांचा कागद, माझ्या गोळ्यांचा डबा आणि एक खोकं. खोक्यात एक यंत्र निघालं. वर घड्याळासारखी तबकडी, खाली वीतभर सळई.

"बाबा, हा मातीचा मीटर. कुंडीत खुपसायचा. काटा लालवर आला की पाणी घालायचं, निळ्यावर असला की घालायचं नाही. आईच्या झाडांचं तुम्हाला एवढंच करायचंय."

एवढंच जमेल, असं तिचं माझ्याबद्दल मत. चुकीचं नाही.

लिहून ठेवावं म्हणून ही कोरी वही काढली. चौतीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो. ट्रक आला की भरलेलं वजन लिहायचं, माल उतरवून परत आला की रिकामं वजन लिहायचं. वह्याच्या वह्या भरल्या, त्यात स्वतःबद्दल एक ओळ नव्हती. आता हात अडखळतो.

झालं ते असं. गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेला सकाळी ही गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. मी आत पेपर वाचत होतो. झारी पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "काय पाडलंस?" उत्तर आलं नाही. मी पान उलटलं. (हे वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू दे.) पाण्याचा ओघळ माझ्या खुर्चीपाशी आला तेव्हा उठलो.

मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. हात-पाय थोडे परत येतील म्हणतात. बोलण्याचं सांगता येत नाही. समजतं मात्र सगळं. आता दोन-तीन महिने व्यायामाच्या केंद्रातच राहायचं आहे.

कुंड्या चोवीस आहेत. अडतीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा मोजल्या.

१३ जानेवारी

सगळ्या कुंड्यांत मीटर खुपसला आणि काट्याचे आकडे लिहिले; एक म्हणजे कोरडं, दहा म्हणजे ओलं. गुलाब सात, जिरेनियम सहा, नेचा दोन, लिंबू चार, रबराचं झाड पाच. कोरफडीत काटा हललाच नाही. प्रत्येक वेळी सळई फडक्याने पुसून घेतली. ते मला कुणी सांगायला नको. काटा घाणेरडा ठेवणारा माणूस काट्यावर बसायच्या लायकीचा नसतो.

नेच्याला भरपूर पाणी घातलं. गुलाबाला घातलं नाही. यात काय एवढं अवघड आहे? ही सकाळचा पाऊण तास या कामात घालवायची. मी तर वीस मिनिटांत मोकळा झालो.

संध्याकाळी केंद्रात जाऊन तिला सगळे आकडे वाचून दाखवले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटून घेतले. दमली असेल.

१९ जानेवारी

नवीन काळजी. आकडे वाचायला लागलो की ही डाव्या हाताचं पहिलं बोट वर करते आणि गादीत खुपसते. पुन्हा वर करते, पुन्हा खुपसते. मी म्हटलं, "बोट दुखतंय का?" तिने मान जोरात हलवली. नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी बोट तपासलं, काही नाही म्हणाल्या.

मग वाटलं, अंगठी हवी असेल. दवाखान्यात नेताना काढून ठेवली होती. आज घरून नेली आणि बोटात घालायला गेलो, तर तिने हात असा झटकला की अंगठी पलंगाखाली. मी गुडघे टेकून शोधली. वर आलो तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

इथे बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मी मनातल्या मनात त्यांना बाराखडीबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "काका, चिडचिड होणार. सगळं कळतंय आणि सांगता येत नाही, म्हणजे तोंडात बोळा कोंबून बसवल्यासारखंच की. तुम्ही घाई करू नका."

बोटाला रोज तेल लावायचं ठरवलं आहे.

२ फेब्रुवारी

आज गॅलरीत उगाच बसून राहिलो. रबराच्या झाडाकडे लक्ष गेलं आणि काट्यावरची केबिन आठवली.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ही दुपारी डबा घेऊन यायची. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात लोखंडी फळीवर उभी राहायची आणि म्हणायची, "माझं करा की वजन." मी दांडीवरचं वजन सरकवायचो. तो काटा टनांत मोजणारा, दहा किलोच्या आत त्याला काही कळायचं नाही. "पन्नास," मी सांगायचो. पुढच्या वर्षी तशीच उभी राहिली आणि मी म्हटलं, "साठ." ती म्हणाली, "बरोबर आहे. आता दोघींचं आहे." दोघी म्हणाली. मुलगीच होणार, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक मागचा ट्रक हॉर्न वाजवत असणार.

रबराचं रोप तिनेच केबिनच्या खिडकीत आणून ठेवलं, "तुमच्या त्या धुळीत काहीतरी हिरवं असू दे" म्हणून. निवृत्त झालो त्या दिवशी मी खुर्चीची उशी घरी आणली, झाड विसरलो. दुसऱ्या दिवशी ती जाऊन घेऊन आली. तीन मजले चढून. कमरेएवढं झाड.

लिंबू बिट्टीने लावलेलं, सरबतातली बी खोचून. नेचा हिच्या माहेरचा. ते घर विकलं तेव्हा न्हाणीघरामागच्या ओल्या भिंतीतून हिने तो चमच्याने उकरून काढला आणि ओल्या रुमालात बांधून आणला. भावांनी भांडी वाटून घेतली. हिने नेचा मागितला, तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

बिट्टीचा फोन. "बाबा, आई सुटली की दोघं इकडेच या ना. आमच्याकडे लिफ्ट आहे. तिला ते जिने कसे झेपणार?" मी म्हटलं, "तुझी आई या घरातून हलायची नाही. तिचा जीव या झाडांत आहे." विषय संपवला. हिला मी पुरता ओळखतो.

९ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. नेचा पिवळा पडतोय. मीटर रोज दोन-तीन दाखवतो, म्हणजे कोरडा. मी रोज पाणी घालतो. तरी तो मान टाकतोय. उलट गुलाबाची पानं वाळून कुरकुरीत झालीत आणि मीटर म्हणतो सात. जिरेनियमचीही तीच गत.

शेजारधर्म म्हणून पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई बघायला आल्या. म्हणाल्या, "काका, गुलाब तहानलाय हो." मी म्हटलं, "ताई, काटा सात दाखवतोय." त्या म्हणाल्या, "काटा दाखवत असेल, पण झाड काय दाखवतंय?"

ज्याने आयुष्यभर लोकांना 'काटा बोलेल ते खरं' असं सांगितलं, त्याने काय बोलावं?

११ फेब्रुवारी

काट्यावर शंका आली की आधी काट्याचंच वजन करायचं, ही आमची जुनी रीत. आज तेच केलं.

पेल्यात नळाचं पाणी घेतलं, सळई बुडवली. काटा थेट दहावर. ठीक. मग दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरसाहेबांकडे गेलो. ते बस चालवायचे. निवृत्तीनंतरही बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन जपून ठेवतात. ते पाणी म्हणजे एकदम शुद्ध, त्यात काहीही विरघळलेलं नसतं. त्यात सळई बुडवली तर काटा जेमतेम दीडवर! पाण्यात बुडालेला मीटर म्हणतोय, मी कोरडा आहे. मग ड्रायव्हरसाहेबांच्या स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकलं. काटा उडी मारून दहावर.

"म्हणजे हा पाणी मोजतच नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "मीठ मोजतो."

"पाण्यातले क्षार."

"एकंदरीत तुम्ही महिनाभर झाडांचं मीठ मोजलंत." आणि ते गडगडून हसले.

मला हसू आलं नाही. गुलाबाला आणि जिरेनियमला ही भरपूर खत घालते. त्या मातीत क्षार जास्त, म्हणून काटा ओलं दाखवायचा. आणि नेचा नारळाच्या भुश्यात लावलेला. भुसभुशीत, पोकळ. सळईला नीट माती लागतच नाही, म्हणून तो कायम कोरडा दिसायचा. काट्याने फसवलं नाही. प्रत्येक कुंडीचं शून्य वेगळं असतं, ते मी विचारलंच नाही.

गुलाबाला पाणी घातलं. तांब्याभर पाणी त्याने घटाघटा प्यायलं.

१७ फेब्रुवारी

नेचा गेला. उपटून पाहिला. मुळं काळी, हाताला लिबलिबीत, वास मारत होती. महिनाभर बुडवून मारला मी त्याला.

तिला सांगितलं नाही. आकडे वाचताना नेच्याचा आकडा मनानेच सांगितला. चौतीस वर्षांत कधी काटा मारला नव्हता. तो आज मारला, आणि तोही कुणापुढे!

२१ फेब्रुवारी

आजचं नीट लिहितो.

बाराखडीबाई म्हणाल्या होत्या, "घरचं काहीतरी ओळखीचं आणा. शब्द कधीकधी वस्तूला चिकटून येतात." मी बेगोनियाची लहान कुंडी पिशवीत घालून नेली. सोबत मीटरही नेला, यंत्र दाखवावं म्हणून.

कुंडी मांडीवर ठेवताच हिचा चेहरा उजळला. मी मीटर काढून खुपसायला गेलो. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. मग तेच बोट वर केलं, महिनाभर मी ज्याला तेल लावत होतो ते. आणि सरळ मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला माती चिकटली होती.

तिचे ओठ वाकडेतिकडे झाले. बाराखडीबाई माझा खांदा दाबून म्हणाल्या, "मदत करू नका. थांबा."

थांबलो. बराच वेळ. मग ती म्हणाली, "ओ... ओलं."

पहिला शब्द. दोन महिन्यांनी.

बाराखडीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या बोटाकडे बघत बसलो. अगं, तू महिनाभर मला सांगत होतीस. आणि मी तेल लावत होतो, अंगठी घालत होतो.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, नेचा मेला. माहेरचा. मी मारला." तिने ऐकून घेतलं. मातीचं बोट माझ्या शर्टाला पुसलं. मुद्दाम. मग तोच हात तिथेच ठेवला.

४ मार्च

आजचे शब्द: पाणी. नको. चहा. बिट्टी. अहो.

'अहो' चांगला स्पष्ट आला. परत म्हणून घेतला.

आता बोटाने बघतो आणि मग मीटर लावून आकडा लिहितो. गुलाब मीटरवर सात असला तरी आतून कोरडा, त्याला आठच्या खाली येऊ द्यायचं नाही. लिंबाला चार. कोरफडीला महिन्यातून दोनदा, काट्याकडे न बघता. आठवडाभर ताडून पाहिलं. बोट आणि काटा आता एकमेकांना ओळखायला लागलेत. वेळ मात्र पाऊण तास लागतो.

१६ मार्च

ही घरी आली.

केंद्राची दोन माणसं खुर्चीत बसवून वर घेऊन आली. बावन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची टेकवली, घाम पुसला. वर पोचेपर्यंत हिने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि डाव्या हाताने खुर्चीचा दांडा इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली.

आल्या आल्या गॅलरीत नेलं. मी कालच माळ्याकडून नवा नेचा आणून त्याच कुंडीत लावून ठेवला होता. हुबेहूब. रिकामी कुंडी बघून तिला वाईट वाटू नये एवढाच हेतू. ती एकेका झाडाला हात लावत गेली. नेच्यापाशी थांबली. पान उलटून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"पाहुणा," ती म्हणाली.

आणि हसली. तोंड एका बाजूने हसतं आता, पण हसली. मीही हसलो. खूप दिवसांनी या घरात दोन माणसांचं हसणं ऐकू आलं.

सगळं पूर्वीसारखं होईल. मी झाडांना पाणी घालेन, ती खुर्चीत बसून चुका काढेल.

२९ मार्च

शिवणवाल्या ताई भेटायला आल्या होत्या. निघाल्या तेव्हा हिने जिरेनियमची कुंडी त्यांच्याकडे ढकलली. "घे." त्या म्हणाल्या, "अहो काकू, एवढी फुललेली?" ही परत म्हणाली, "घे. तुझी." शेवटी त्या घेऊन गेल्या.

मला खटकलं. जिरेनियम हिचं लाडकं. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी गोंधळ होईल, वस्तू ओळखू येणार नाहीत. दुपारी खाली जाऊन कुंडी परत आणली. ताई म्हणाल्या, "काका, काकूंनी मला ओळखून दिली हो." मी म्हटलं, "ताई, सध्या तिचं तिला कळत नाही."

कुंडी जागच्या जागी ठेवली. ती बघत होती. संध्याकाळचा व्यायाम तिने केला नाही.

३ एप्रिल

पुन्हा तेच. ड्रायव्हरसाहेब आले होते, त्यांना लिंबू. बिट्टीचं लिंबू! ते बिचारे कुंडी उचलून दारापर्यंत गेले, मी जिन्यात गाठून परत घेतली. "राहू द्या हो, ती भ्रमात आहे."

आत आलो तर तिने झारी भिंतीवर फेकली होती. डाव्या हाताने. "नको! नको! नको!" म्हणत होती. शब्द स्पष्ट, पण काय नको ते कळेना. लिंबू नको? मी नको?

आज भाजी आणायला, दूध आणायला, औषधं आणायला आणि सिलिंडरवाल्याशी बोलायला असे चार वेळा जिने चढलो. चौथ्यांदा दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागलं. गुडघा. हिला सांगितलं नाही, पण दार उघडंच होतं.

८ एप्रिल

केंद्रात फोन करून बाराखडीबाईंना विचारलं, झाडं वाटत सुटणं हे आजाराचं लक्षण असतं का? त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांना विचारलंत का, का देताय म्हणून?"

"तिला सांगता येत नाही हो."

"विचारलंत का?"

नाही विचारलं.

घरी आल्यापासून ही एकदाही खाली उतरलेली नाही. केंद्रात न्यायला माणसं बोलवायची म्हटलं की तोंड फिरवते. व्यायाम थांबलाय. डावा पायही आता लटपटतो.

११ एप्रिल

विचारलं.

सकाळी चहा दिला, समोर बसलो आणि म्हटलं, "झाडं का देतेस?"

तिने मला उठायची खूण केली. मी तिला काठीच्या आधाराने उभी केली. गॅलरीकडे जाईल असं वाटलं होतं, पण ती दाराकडे निघाली. बारा पावलं, दहा मिनिटं. दार उघडायला लावलं. जिना दिसला. जिन्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"मी... नाही."

मग माझ्याकडे. माझ्या गुडघ्याकडे.

"तुम्ही... वर. खाली. वर. खाली." बोट जिन्यावर वर-खाली करत राहिली. "बसलात. पायरीवर."

"तुला कोणी सांगितलं?"

कानाला हात लावला. ऐकलं म्हणे. माझा श्वास.

"बिट्टी," ती म्हणाली. "जाऊ."

मी म्हटलं, "अगं पण तुझी झाडं! बिट्टीच्या गॅलरीत तीन कुंड्या मावतील फार तर. तुझा जीव आहे त्यांच्यात, मी बिट्टीला सांगितलं की तू हलणार नाहीस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला पहिल्यांदा जाणवलं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. फेब्रुवारीत नाही आणि त्याआधीही नाही. हे घर कुणाला सोडवत नाही, या प्रश्नाचं उत्तर मी तिच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो.

"मेली... तर?" ती म्हणाली. झाडांकडे बोट. "द्यायची. आत्ता. जिवंत."

तिला दम लागला म्हणून आत आणलं.

दुपारी जिरेनियम घेऊन खाली गेलो. ताईंना म्हटलं, "चुकलं माझं. तिने तुम्हाला दिलंय." त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारून खिडकीत जागा केली.

२० एप्रिल

वाटप सुरू आहे. कुणाला काय, ते ही ठरवते. मी फक्त हमाल आणि कारकून. प्रत्येक कुंडीसाठी पुठ्ठ्याचं कार्ड लिहितो: ऊन किती, मीटर किती दाखवेल, बोट काय सांगेल. मीटर शिवणवाल्या ताईंकडे राहील, गरज लागेल त्याने न्यावा.

रबराचं झाड बाराखडीबाईंच्या वेटिंग हॉलमध्ये. मनीप्लांट दूधवाल्या बाईंना. कोरफड माळ्याला परत, तो म्हणाला, "अहो, मी ही तुम्हालाच विकली होती दहा वर्षांपूर्वी." ही म्हणाली, "व्याज." तो बघतच राहिला, मग पोट धरून हसला. लिंबू आणि गुलाब ड्रायव्हरसाहेबांना. लिंबू आपण नेऊ म्हणून मी फार गळ घातली. ती म्हणाली, "बिट्टी... मोठी झाली." म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कळलं.

बरोबर नेणार तीन: बेगोनिया, लिली आणि पाहुणा.

गॅलरीच्या फरशीवर कुंड्यांचे गोल डाग राहिलेत. घासून पाहिले. जात नाहीत. मग घासणं थांबवलं.

३ मे

बिट्टीच्या घरातून लिहितो आहे.

काल निघालो. सामान टेम्पोत आधीच गेलं होतं. रिकाम्या घरात आवाज फार घुमतो. मी प्रत्येक खोलीत जाऊन आलो, काही राहिलं का बघायला. काही राहिलं नव्हतं. तरी परत एकदा गेलो. स्वयंपाकघराच्या चौकटीवर बिट्टीची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा होत्या. त्यांच्यावरून हात फिरवला. खालून टेम्पोवाल्याने हाक मारली.

दोन माणसं आली. हिला खुर्चीत बसवली, पट्टा बांधला. मी पुढे, मागे खुर्ची, सगळ्यात शेवटी बिट्टी.

दुसऱ्या मजल्यावर माणसांनी खुर्ची टेकवली. ड्रायव्हरसाहेबांनी दाराबाहेर लिंबू आणि गुलाब आणून ठेवले होते, पानं पुसून. गुलाबाला कळी होती. ते स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मला वाटलं, ही आता रडेल. मी खिशातला रुमाल काढून तयार ठेवला. तिने वाकून गुलाबाच्या मातीत बोट घातलं.

"कमी," ती ड्रायव्हरसाहेबांना म्हणाली. "पाणी. कमी."

"हो वहिनी. आजपासून कमी."

पहिल्या मजल्यावर ताई दारात. जिरेनियम, शेवंती, दोन लहान कुंड्या ओळीने मांडलेल्या. जिरेनियमला नवे तुरे आले होते, आमच्याकडे आले नव्हते इतके. हिने त्याचं एक पान चुरगाळलं, हुंगलं आणि ताईंच्या नाकाशी धरलं. ही त्यांच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "छान. शिव. छान."

मग तळमजला. दार उघडं होतं आणि बाहेर लख्ख ऊन. हिने दीड महिना बाहेरचं ऊन अंगावर घेतलं नव्हतं. तिने चेहरा वर केला.

माणसांनी विचारलं, "आजी, जरा थांबायचं का? दमलात?"

"चला," ती म्हणाली. एवढा मोठा, एवढा स्पष्ट शब्द तिच्या तोंडून आजारानंतर मी ऐकला नव्हता.

बिट्टीने गाडीचं दार उघडलं. माणसांनी तिला अलगद आत ठेवलं. तिने खिडकीची काच खाली करून घेतली आणि समोर रस्त्याकडे बघत बसली.

मागे वळून वळून तिसऱ्या मजल्याकडे बघणारा मीच होतो.